दहावी ओळ

शाळांच्या भिंतींवर पाण्याची बचत, झाडांचे महत्त्व आणि वाहतुकीचे नियम यांच्या शेजारी गणिताचा एक मनोरा हमखास रंगवलेला असतो.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत करत तो नवव्या ओळीला पोचतो,

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

आणि थांबतो. वर ठळक अक्षरांत 'अंकांचा चमत्कार' किंवा 'संख्यांची जादू' असे शीर्षक असते. वैजापूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही तो अलीकडे पुन्हा पाहिला. रंग ताजा होता, अक्षर वळणदार होते आणि नवव्या ओळीखाली महिरप काढून रंगाऱ्याने विषय संपवला होता.

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, पाठ्यपुस्तकांवर तर दरवर्षी रणे माजतात. भिंतीवरच्या मजकुराचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. खरे पाहता शाळेत सर्वांत अधिक वेळा वाचला जाणारा गणिताचा मजकूर हाच असेल. पाठ्यपुस्तकातील पान वर्षभरात उलटले जाते. भिंत पाचवी ते दहावी समोर असते. तेव्हा या मनोऱ्याचे परीक्षण करावे असे आम्हांस वाटले. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. मनोऱ्यात लिहिलेले सर्व खरे आहे, आणि तरीही तो मुलांना गणिताविषयी एक खोटी गोष्ट शिकवतो. त्याचा दोष पहिल्या नऊ ओळींत नाही, न लिहिलेल्या दहाव्या ओळीत आहे.

प्रथम त्या शेवटच्या संख्येकडे नीट पाहू. ती सतरा अंकी आहे. कोटीच्या पुढे आपण सहसा बोलत नाही, म्हणून मुले ती वाचू शकत नाहीत. नुसते अंक म्हणतात. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र असे करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या यादीप्रमाणे आपल्या संख्येचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी पडतो. परार्धाला एकच घर कमी. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य ही नावे पाठ करून घ्यावीत असे आम्ही म्हणत नाही. पण एकदा ही संख्या त्या घरांत बसवून पाहिली की ती केवळ देखणी अंकमाला राहत नाही, तिला आकारमान येते.

आता 'चमत्कारा'कडे. १११ ला १११ ने गुणताना आपण काय करतो? १११ तीनदा लिहितो, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून.

. . १ १ १
. १ १ १ .
१ १ १ . .

उभी बेरीज करा. उजवीकडील पहिल्या रकान्यात एक एकका, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन, एक. उत्तर १२३२१. येथे गुणाकार नावाचे काही उरतच नाही. रकान्यांतील एकके मोजणे एवढेच काम आहे. नऊ एककांच्या संख्येत मधल्या रकान्यात नऊ एकके येतात आणि दोन्ही बाजूंना ती एकेक कमी होत जातात. चौथीचे मूल हे समजू शकते. मग हे तीन ओळींचे चित्र मनोऱ्याशेजारी का नसते? भिंतीवर जागा असते. पण चित्र काढले की 'जादू' हा शब्द पुसावा लागतो, आणि तो शब्द आपल्याला फार आवडतो. आमची पहिली तक्रार ही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि तिच्यात आम्हीही दोषी आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात हाच मनोरा फळ्यावर लिहिला असता सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, दहावी ओळ?" आम्ही घाईत होतो. "तिथे नियम मोडतो," असे सांगून पुढे गेलो. मधल्या सुट्टीत तिने वहीत आपली दहावी ओळ लिहून आणली होती:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

नवापर्यंत चढावे, मग दहा, मग उतरावे. तिचे काय चुकले? भिंत तिला जे शिकवत होती तेच तिने केले. भिंतीने सांगितले होते की आकार पाहा आणि पुढे चालवा. तिने आकार पाहिला आणि पुढे चालवला. आम्ही उत्तर चूक म्हणून वही परत केली. का चूक, ते सांगितले नाही, कारण तेव्हा आम्हीही ते धड करून पाहिले नव्हते.

तिचे उत्तर तपासण्याचे उपाय शाळेच्या गणितात आहेत. जुन्या लोकांचा नऊचा ताळा घेऊन पाहा. दहा एककांच्या संख्येची अंकबेरीज १०, म्हणजे १. तिच्या वर्गाचे अंकमूळही १ यायला हवे. मुलीच्या संख्येची अंकबेरीज ९१, म्हणजे पुन्हा १. ताळा जुळला! नऊचा ताळा येथे फसतो, आणि ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असते असे नाही हे दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही. आता अकराचा ताळा घ्या. एकके सम संख्येने असली की ११ ने भाग जातो, म्हणून ११११११११११ ला ११ ने भाग जातो आणि तिच्या वर्गालाही जायलाच हवा. मुलीच्या संख्येत उजवीकडून एकाआड एक अंक मिळवून व वजा करून पाहिले तर बाकी १ उरते. ताळा मोडला. संख्या वर्ग नाही, निदान या संख्येचा तरी नाही.

गंमत पुढे आहे. मुलीने भाबडेपणाने लिहिलेली ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. वर्गसंख्या होण्यापासून एखादी संख्या जितकी दूर असू शकते तितकी ती दूर आहे. आम्हांस हे पुष्कळ उशिरा वाचनात आले, आणि त्या दिवशी वहीवर मारलेली लाल फुली आठवली. चुकीच्या उत्तरातही सांगण्यासारखे काही असते, आणि या चुकीत तर ते मनोऱ्यातील कोणत्याही ओळीपेक्षा जास्त होते.

मग खरी दहावी ओळ कोणती? रकाने मोजण्याचे चित्र असेल तर ती काढायला दोन मिनिटे लागतात. मधल्या रकान्यात दहा एकके येतात. दहा लिहिता येत नाहीत. शून्य लिहून हातचा एक डावीकडच्या रकान्याला द्यावा लागतो. तेथे नऊ होते, ते दहा होतात; पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ होतात. येथे हातचा थांबतो.

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडून वाचत गेल्यास सातनंतर आठ दिसत नाही. मुले विचारतात, आठ कुठे गेला? आठ कुठेही गेला नाही. तो नऊ झाला. नियमही कुठे मोडला नाही. रकान्यांत एकके तशीच आहेत: एक, दोन, तीन, दहापर्यंत आणि परत एकपर्यंत. बदलली ती आपली लिहिण्याची पद्धत. अंकबेरीज घेतली तर हे आणखी स्पष्ट होते. नवव्या ओळीपर्यंत उत्तराची अंकबेरीज ओळीच्या क्रमांकाचा वर्ग असते: १, ४, ९, १६ असे करत ८१. दहाव्या ओळीला ती १०० हवी, पण येते ८२. कमी पडलेले १८ म्हणजे दोन हातचे. प्रत्येक हातचा दहा एकके घेऊन एक परत करतो, म्हणजे नऊ गिळतो. जमाखर्च चोख जुळतो. (ही ओळ एकोणीस अंकी असल्याने लीलावतीच्या यादीत मावत नाही. आठवा उगीच कुठे तरी गेला म्हणणाऱ्यांनी हे एक खरेखुरे बाहेर जाणे लक्षात घ्यावे.)

आज कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, यंत्र आहे. यंत्राने काय होते तेही पाहावे. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर मनोऱ्याची चौथी ओळ मावते, पाचवी नाही. दुकानातील बारा अंकी यंत्र सहाव्या ओळीपर्यंत जाते. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात नववी ओळ करून पाहिल्यास उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३००. हे तक्ते पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतात आणि पुढे शून्ये भरतात. आतील साठवणही ५३ द्विमान अंकांची असते. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढच्या सर्व विषम संख्या तिच्यात नेमक्या बसत नाहीत, आणि आपली संख्या त्याहून मोठी आहे. येथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: विषम संख्येला विषम संख्येने गुणले तर उत्तराच्या शेवटी शून्य येईल का? सहावीचा विद्यार्थी यंत्राला खोटे पाडू शकतो, तेही कारण देऊन. असा प्रसंग शाळेत वारंवार येत नाही.

या संख्यांचे नाव घेताना आपल्याकडे द. रा. कापरेकरांचे नाव घ्यावेच लागते. रोटेगावला गाडीत बसले की मनमाड, मग नाशिक रोड आणि त्यापुढे देवळाली. त्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात ते शाळेत शिक्षक होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. ६१७४ या संख्येमुळे ते जगभर ओळखले जातात, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात लिहिल्यावर त्यांचे नाव सर्वदूर गेले. पण त्याआधी कितीतरी वर्षे, १९३८ पासून, ते आपल्या मनोऱ्यातील संख्यांवर लिहीत होते. त्यांना त्यांनी नाव दिले 'डेम्लो संख्या'. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव, असे सांगतात. स्थानकाचे नाव संख्येला देणारा गणिती आम्हांस दुसरा ठाऊक नाही. ते आमच्या बाजूला राहते तर आज आपण रोटेगाव संख्या शिकवत असतो.

कापरेकरांनी मनोऱ्यात काय पाहिले? त्यांनी संख्येचे तीन भाग केले. डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा भाग मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधला भाग त्याच अंकाचा असावा. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. तसेच ४७७७३. आता आपली सतरा अंकी संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, मध्ये ९. बेरीज ९९९९९९९९. कारण उघड आहे. एकाच स्थानचे दोन्हीकडील अंक मिळून सर्वत्र नऊच होतात. चढण आणि उतरण पाहणाऱ्यांना जे दिसत नाही ते येथे दिसते.

ही दृष्टी दहाव्या ओळीवर वापरून पाहा. हातचे देण्यापूर्वी डावीकडे १२३४५६७८९, मध्ये १०, उजवीकडे ९८७६५४३२१. बेरीज १११११११११०, म्हणजे दर स्थानी दहा. हातचे दिल्यावर डावीकडे १२३४५६७९०, मध्ये ०, उजवीकडे ९८७६५४३२१, बेरीज ११११११११११. दहा एकके. ज्या संख्येचा वर्ग केला तीच समोर उभी राहते! मधले शून्य व्याख्येच्या काटेकोर अर्थात बसत नाही, हे खरे. पण डोळ्यांना जो आकार मोडलेला दिसत होता त्याच्या आत बेरीज शाबूत होती.

कापरेकरांच्या आणखी एका कल्पनेने आपल्या संख्येला एक बिरुद मिळते. जिला स्वतःच्या अंकबेरजेने भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले. नवव्या ओळीची अंकबेरीज ८१, आणि तिला ८१ ने भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. मनोऱ्याच्या नऊ ओळींत पहिली, तिसरी आणि नववी अशा तीनच हर्षद आहेत. तीनच का, हा प्रश्न आठवी-नववीला द्यावा. आमच्या मते तो मनोरा पाठ करण्यापेक्षा चांगला गृहपाठ आहे.

मात्र कापरेकरांविषयी लिहिताना आपण फार लवकर हार घालतो. त्यांच्या कामाची बाजू पाहायची तर उणीवही पाहावी. त्यांच्या लेखनात याद्या पुष्कळ आहेत आणि सिद्धता तुलनेने थोड्या. डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात १६५ आणि आपली सतरा अंकी संख्या एकाच पंक्तीला बसतात. एक सहज सुचावी अशी, दुसरीच्या मागे भक्कम कारण. प्रा. के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवर लेख लिहिला, तेव्हा कारणमीमांसेची गरज त्यांनाही जाणवत होती हे दिसते. तरी त्यांच्या हयातीत अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले, आणि त्यामागे केवळ तुसडेपणा होता असे म्हणणे न्यायाचे नाही.

त्या गणितज्ञांची बाजू कोणी नीट मांडली असेल तर ती जी. एच. हार्डी यांनी, रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डींनी. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या छोट्या पुस्तकात त्यांनी दोन संख्यांचे उदाहरण घेतले आहे: ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. उलट लिहिलेल्या संख्येची पट असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींचे म्हणणे थोडक्यात असे की ही गोष्ट कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला तिच्यात घेण्यासारखे काही नाही, कारण तिची सिद्धता रोचक नाही आणि ती व्यापक करता येत नाही.

ही कसोटी आम्हांस मान्य आहे. भिंतीवरचा मनोरा तिच्यावर घासून पाहावा. नवव्या ओळीशी थांबलेला मनोरा नापास होतो. नऊ सुटी उदाहरणे, पुढे काही नाही. पण दहाव्या ओळीतून गेलेला मनोरा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो, कारण त्याला व्यापक करता येते, आणि तेही दोन-तीन दिशांनी.

एक दिशा लेखनपद्धतीची. नवव्या ओळीनंतर हातचा येतो तो आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून. आठाच्या पायावर लिहिणाऱ्यांचा मनोरा सातव्या ओळीला थांबला असता, सोळाच्या पायावर पंधराव्या. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर दुसऱ्याच ओळीला गाडी अडते: ११ × ११ = १००१, म्हणजे तीन त्रिक नऊ. तेव्हा नऊ या मर्यादेत संख्येचा गुण काहीच नाही. तो आपल्या दहा बोटांचा आहे. मनोऱ्याला 'अंकांचा चमत्कार' म्हणताना आपण आपल्या बोटांना नमस्कार करत असतो.

दुसरी दिशा भागाकाराची. नऊ एकके म्हणजे ९९९९९९९९९ भागिले ९. म्हणून वर्गात भाजक येतो ८१. आता १ ला ८१ ने भागून पाहा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… पुन्हा आठ नाही! अकरावी ओळ आहे १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. तिची डावी बाजू वाचा. मनोऱ्याच्या ओळी वाढवत गेलो की डावीकडे हेच अंक क्रमाने उमटू लागतात. दहाव्या ओळीत हरवलेला आठ आणि या आवर्ती अपूर्णांकात नसलेला आठ एकाच हातच्याने गेले आहेत.

तिसरी दिशा आम्हांस सर्वांत प्रिय आहे, आणि तिच्यासाठी थोडे मागे, बरेच मागे, जावे लागेल. सुमारे इ. स. ८५० मध्ये राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य या जैन गणितीने 'गणितसारसंग्रह' लिहिला. हे राष्ट्रकूट आम्हां वैजापूरकरांना परके नाहीत. त्यांच्याच घराण्यातील कृष्णराजाने कोरवलेले कैलास लेणे वेरूळला आहे. आमच्याकडची शाळेची सहल बहुधा तेथेच जाते. महावीराचार्याने गुणाकाराची काही उदाहरणे अशी निवडली आहेत की उत्तर गळ्यातल्या कंठ्यासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एकके येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, नऊ एकके येतात. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा:

१२३४५६५४३२१

मनोऱ्याची सहावी ओळ! एकापासून सहापर्यंत जाऊन क्रमाने उतरणारी, असेच तिचे वर्णन त्याने शब्दांत केले आहे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११११. नव्हे, १११११११ नव्हे, १११११११ मध्ये एक एकका जास्त झाला; १११ १११, सहा एकके. (असे लिहिताना आमच्या हातूनही एकके जास्त पडतात, म्हणून मुलांना तीन-तीनचे गट करून लिहायला सांगावे.) भिंतीवरील मनोरा साडेअकराशे वर्षे जुन्या घरातला आहे, हे तेथे कोठेही लिहिलेले नसते.

आता दोन फासे घ्या. दोन्ही टाकल्यावर बेरीज २ येण्याचा एकच मार्ग. ३ येण्याचे दोन, ४ चे तीन, ५ चे चार, ६ चे पाच, ७ चे सहा. पुढे ८ चे पाच, आणि उतरत उतरत १२ चा एक. मार्गांची संख्या ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. महावीराचार्याचा कंठा! अंकबेरीज ३६, म्हणजे दोन फाशांच्या एकूण शक्यता. योगायोग येथेही नाही. सहा एककांतील प्रत्येक एकका म्हणजे फाशाची एक बाजू. गुणाकार करताना प्रत्येक एकका दुसऱ्या संख्येतील प्रत्येक एककाशी जोडला जातो, जशी एका फाशाची प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या प्रत्येक बाजूशी. रकाना म्हणजे बेरीज. दहावीला संभाव्यता शिकवताना छत्तीस जोड्यांचा तक्ता आपण फळ्यावर काढतोच. त्याच्या तिरप्या रांगा मोजल्या की सहावी ओळ तयार. दहा बाजूंचे फासे असते तर दहावी ओळ त्यांची झाली असती. तेथे हातचा देण्याचे कारणच नाही, म्हणून आठही जागेवर राहिला असता.

एककांच्या संख्यांविषयी सगळे कळून चुकले आहे असेही नाही. एककांची संख्या स्वतः मूळ नसेल तर ती एकके कधीच मूळ संख्या होत नाहीत. नऊ एकके म्हणजे १११ गुणिले १००१००१. पण एककांची संख्या मूळ असून भागत नाही: तीन एकके म्हणजे ३ गुणिले ३७, पाच म्हणजे ४१ गुणिले २७१. दोन, एकोणीस आणि तेवीस एककांच्या संख्या मूळ आहेत. ३१७ एककांची मूळ आहे हे १९७८ साली सिद्ध झाले, १०३१ ची १९८६ साली, आणि ४९०८१ एककांची थेट २०२२ साली. अशा संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

ज्या शाळेच्या भिंतीपासून आम्ही सुरुवात केली तेथील गणिताच्या शिक्षकांशी आम्ही हे सर्व बोललो. त्यांनी रंगाऱ्याला पुन्हा बोलावले, पण एकोणीस अंक खिडकी आणि दाराच्या मधल्या जागेत त्याच मापाने बसेनात. अखेर महिरप पुसून नवव्या ओळीखाली दीड वीत पट्टा काळा रंगवला आणि खाली खडू ठेवला. पहिल्या आठवड्यात तेथे तीन निरनिराळ्या दहाव्या ओळी लिहिल्या गेल्या. त्यांपैकी दोन चूक होत्या. एकीखाली कोणीतरी बारीक अक्षरात अकराचा ताळा करून ठेवला होता.